खरं बोलणारा भाडेकरू

खरं बोलणार्‍या माणसाला घर भाड्यानं देऊ नये, असं माझं पक्कं मत झालं आहे. गांजेकसाला द्यावं, भांडकुदळाला द्यावं, अगदीच अडलं तर जावयाला द्यावं. पण खरं बोलणार्‍याला देऊ नये. मी हे ऐकीव सांगत नाही. अमरावतीत कापसाच्या बाजाराला लागून माझं घर होतं. त्याची पुढची ओसरी आणि तिच्या बाजूची खोली मी एका ख्रिस्ती मास्तरांना दिली होती. ते होते तोवर माझ्या घरात एकही थाप सुखानं नांदली नाही.

मी कापसाचा दलाल होतो आणि मास्तर मला 'दलाल' अशीच हाक मारत. सगळा बाजार मला 'शेठ' म्हणायचा. मास्तर म्हणाले, "शेठ तुम्ही नाही. व्हायची इच्छा आहे, ते वेगळं." आता यावर माणसानं काय बोलावं?

मास्तर मूळचे नगरकडचे. तरुणपणी ख्रिस्ती झाले आणि मिशनच्या साहेबांनी त्यांना शाळा काढायला बायकोसकट आमच्या गावी धाडलं. दुसर्‍याच पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि त्यात बायको गेली. गावाबाहेर नाल्यापलीकडे तिला मातीत ठेवलं. अंगानं मास्तर उंच आणि काटकुळे. धोतरावर गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, डोक्याला पागोटं, आणि बाराही महिने बगलेत छत्री. संध्याकाळ झाली की ती छत्री घेऊन ते नाल्याकडे जात आणि अंधार पडायच्या आत परत येत.

आपल्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. शेंबड्या पोरालाही ते कळतं. मास्तर पहिल्याच दिवशी उंबर्‍यात उभे राहून माझ्या बायकोला म्हणाले, "जातो, बाई." तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

ती म्हणाली, "मास्तर, असं अभद्र नोका बोलू. येतो म्हना."

"यावं अशी फार इच्छा आहे. पण वाटेत काय होईल ते माझ्या हाती नाही, मग मी तुम्हाला वचन कसं देऊ?"

हा वाद पुष्कळ दिवस चालला. शेवटी असं ठरलं की मास्तरांनी काहीच न बोलता निघायचं आणि बायकोनं मागून "या" म्हणायचं. दोघांनीही ते शेवटपर्यंत पाळलं.

तिनं कधी वाटीभर भाजी पाठवली तर रिकाम्या वाटीबरोबर निकाल यायचा. "तेल जास्त, मीठ कमी, आणि वांगं जून होतं. पण तुम्ही आठवणीनं दिलीत, याचं बरं वाटलं." बायको दोन दिवस धुसफुसायची आणि तिसर्‍या दिवशी हट्टानं पुन्हा वांगी करायची. एकदा मास्तर म्हणाले, "आजची भाजी उत्तम होती." बाई सगळ्या आळीत सांगत फिरली. मी रोज पानावर बसून 'छान झालं' म्हणत होतो, त्याची काय किंमत होती ते मला त्या दिवशी समजलं.

आणि माझी फजिती तर विचारूच नका. एकदा एक कटकट्या अडत्या दाराशी आला. मी आतूनच मास्तरांना खूण केली, नाही म्हणून सांगा. मास्तर त्याला म्हणाले, "आहेत. धान्याच्या कोठीमागे बसले आहेत. तुम्हाला भेटायची त्यांची इच्छा दिसत नाही." मी अंगावरचा भुसा झटकत बाहेर आलो. अडत्या हसून हसून खोकायला लागला. मी मास्तरांशी आठ दिवस बोललो नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ते दिवस तरी कसले होते! तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली होती. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि सगळी गिर्‍हाइकं आमच्या वर्‍हाडाच्या काळ्या मातीकडं वळली. ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती, त्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. अकोल्याच्या रस्त्यानं गाड्यांची अशी रीघ लागायची की दोन्ही बाजूंच्या बाभळी अडकलेल्या कापसानं पांढर्‍या व्हायच्या. वावरात ज्वारी पेरणार्‍याला लोक येडा म्हणू लागले होते.

अशा गावात मास्तरांचा उपदेशाचा विषय एकच, फसवणूक. ओसरीवर रविवारी उपासना असायची. ते सांगत, "प्रभूनं आधीच बजावून ठेवलं आहे, की त्याचं नाव घेऊन लबाड येतील आणि नवल करून दाखवतील. डोळे मिटून कोणाच्या मागे लागू नका. सैतान शिंगं लावून आला तर त्याला कुत्रंसुद्धा ओळखील. तो येतो स्वच्छ कपड्यात, आणि आपल्याला जे ऐकायला आवडतं तेच बोलतो. म्हणून जे कानाला फार गोड लागलं, ते आधी तपासावं."

बाजारातली एक रीत त्यांना अतिशय आवडायची. कापसाची गाडी आली की घेणारा कोपरापर्यंत हात खुपसतो आणि पोटातला कापूस उपसून पाहतो, कारण वरचा थर सगळ्यांचाच पांढरा असतो. मास्तर ते बघत तासन् तास उभे राहात. एकदा घेणार्‍यानं गाडीच्या पोटातून ओला, मातकट कापूस काढला आणि मास्तर मोठ्यानं "शाब्बास!" म्हणाले. ती गाडी माझ्या गिर्‍हाइकाची होती.

पण माणूस पक्षपाती नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. बडनेर्‍याकडं एका खेड्यात कडुनिंबातून दूध गळतं, देवीचं नवल आहे, अशी आवई उठली. मास्तर भर उन्हात पायी गेले. आम्हाला वाटलं, आता येऊन सगळं थोतांड म्हणणार. संध्याकाळी आले ते चौकात उभे राहून म्हणाले, "खरंच गळतं. मी चाखलं. गोडसर आहे, थोडं आंबूस. मात्र ते दूध नव्हे, झाडाचा रस आहे." आमचे लोक निम्मे खूश, निम्मे नाराज. मिशनचा एक प्रचारक अकोल्याहून आला होता, तो चिडला. म्हणाला, "मास्तर, गळतं हे कशाला कबूल केलंत?" मास्तर म्हणाले, "कारण गळत होतं."

एवढं करून त्यांच्या ओसरीवर रविवारी येणार कोण? एक म्हातारी ख्रिस्ती मोलकरीण, बैल सोडून सावलीला टेकलेले गाडीवान, आणि उकंडा पाटील. हा पाटील दर्यापूरच्या वाटेवरच्या एका गावचा कास्तकार. अंगानं धिप्पाड, मनानं भाबडा. त्याच्याकडं सगळं कापसाचंच वावर होतं. तो धर्म ऐकायला येत नसे, लढाईची खबर ऐकायला येई, कारण मास्तरांकडे मुंबईचं शिळं वर्तमानपत्र येत असे.

"मास्तर, तुमचा देव तिकडचाच हाय नं? गोर्‍याईचा?" पाटील विचारायचा. "मंग त्याले सांगून पाहा नं, का आनखी दोन सालं लढाई राहू दे. त्याले काय जड हाय?"

"देव कोणा एकाचा नाही, पाटील. आणि असं मागणं मला मागता येणार नाही."

"बरं, एक सालाचं तं मांगता येते?"

याच सुमाराला साहेबांचा निरोप आला. पुढच्या थंडीत दौर्‍यावर येईन, तोवर उपासनेला माणसं जमत नसतील तर अमरावतीची शाळा बंद करू आणि तुम्ही नगरला परत या. मास्तरांनी तो निरोप मला सांगितला आणि ओसरीच्या खांबाला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "मला जायचं नाही हो, दलाल. ती इथं आहे." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही हवं आहे असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला फार वाईट वाटलं.

आणि नेमका त्याच हंगामात मुनीमबाबा उगवला.

बाजाराच्या टोकाला चिंचेखाली एक गोरटेला माणूस येऊन बसला. अंगात पायघोळ पांढरा झगा, गळ्यात लाकडी क्रूस, हातात साहेबासारखे पांढरे मोजे, मांडीवर शाल. म्हणाला, मी ख्रिस्तप्रभूचा मुनीम. वर्‍हाडाचं काम प्रभूनं माझ्याकडं सोपवलं आहे. ज्याला लढाई किती महिने चालणार हे जाणून घ्यायचं असेल त्यानं शालीखाली हात घालावा. देवदूत जितक्यांदा हात दाबील तितके महिने. बाबाचे दोन्ही हात तर शालीच्या वर, लोकांच्या डोळ्यांदेखत, क्रूसावर जोडलेले असायचे. मग खाली हात दाबणारा देवदूत नाही तर कोण?

परगावच्या माणसाला याचं हसू येईल. आम्हाला आलं नाही, त्याचं कारण आमच्या धंद्यात आहे. कापसाचा सौदा तोंडानं होत नसे, तो रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा. तोंडानं जो बोलतो तो नुसता गलका करतो, खरी गोष्ट रुमालाखालीच, हे आमच्या हाडात मुरलेलं. बाबानं महिने तोंडानं सांगितले असते तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. त्यात बाजाराचा दुसरा नियम असा, की रुमालाखालचा आकडा कोणी कोणाला सांगायचा नाही. सांगितला तो बाजारातून उठला. त्यामुळं जो तो आपले महिने पोटात ठेवून घरी जाई आणि गालातल्या गालात हसे. बाबापुढं कापसाचा ढीग चढायला लागला. मीही एका सकाळी हात घालून आलो. देवदूतानं माझा हात इतक्यांदा दाबला की मी घरी येताना बायकोला लुगडं घेऊन आलो.

लोक मास्तरांना डिवचायला लागले. पाटील तर म्हणाला, "मास्तर, तुमच्या देवानं मुनीम ठेवला आन तुमालेच खबर नाई? असं कसं हो?"

मास्तरांचा चेहरा उतरला. मला वाटलं, तडक जाऊन त्याला लबाड म्हणतील. तर म्हणाले, "पाहिल्याशिवाय त्याला खोटं ठरवणं, हेही खोटंच होईल. आधी पाहतो." आणि छत्री घेऊन निघाले. मी मागोमाग गेलो. असला तमाशा कोण सोडतो?

मास्तर मुकाट्यानं रांगेत बसले. पाळी आली तसा शालीखाली हात घातला. त्यांना आमचे नियम कुठले माहीत? हात दाबला जाताच ते खणखणीत आवाजात म्हणाले, "तीन. देवदूतानं मला तीन महिने सांगितले."

सगळी रांग सटपटली. पाटलानं तर कानांवर हात ठेवले. मास्तर मागं वळले. "पाटील, तुम्हाला किती?"

पाटील जमिनीकडं पाहू लागला. मग मास्तरांची नजर माझ्यावर आली. "दलाल, तुम्हाला?"

एवढ्या बाजारासमोर रुमालाखालचं बोलायचं म्हणजे धंद्यावर पाणी सोडायचं. पण त्या माणसाच्या शेजारी राहून माझी जीभ बिघडली होती. मी म्हणालो, "मले अकरा सांगतले."

"अकरा? मले तं अठरा!" पाटील ओरडला. मग काय, कोणी सात म्हणे, कोणी दोन. ज्याच्या घरी कापूस साठला होता त्याला जास्त, ज्याला घ्यायचा होता त्याला कमी. एकच कालवा माजला.

बाबा मात्र पक्का होता. डोळे मिटून म्हणाला, "बाळांनो, ज्याची त्याची लढाई वेगळी." आणि खरं सांगतो, दोघातिघांनी माना डोलावल्या.

मास्तरांनी अजून हात बाहेर काढला नव्हता. ते म्हणाले, "थांबा. देवदूताचा हात माझ्या हातात आहे. मी तो धरून ठेवला आहे." मास्तर शांतपणे, वर्गात धडा सांगावा तसं सांगत गेले. "हात घामेजलेला आहे. करंगळीचं नख वाढलं आहे. एका बोटात अंगठी आहे, आणि आता तो फार ओढाताण करतो आहे."

पाटलानं पुढं होऊन शाल खेचली. खाली बाबाचा धडधाकट उजवा हात मास्तरांच्या मुठीत होता. मग क्रूसावर जोडलेला तो पांढरा मोजा कोणाचा? पाटलानं तो उपटला, तर त्यातून भसाभस कापूस बाहेर आला. सगळ्या वर्‍हाडात कापूस ओळखणारे म्हणून आमची ख्याती, आणि कापसाचा हात आम्हाला ओळखता आला नाही! बाबा झगा वर धरून धारणीच्या दिशेनं पळाला. पोट्टे त्याच्यामागं आरडत गेले.

मास्तर परतताना मला म्हणाले, "ज्या देवाला रुमाल लागतो तो देव नव्हे, दलाल असतो." आणि थोडं चालून पुढं म्हणाले, "तुम्हाला लागलं असेल. पण ते खरं आहे."

यानंतर जे घडलं ते मात्र मास्तरांच्या कल्पनेतही नव्हतं. लोकांनी बाबाला सोडलं आणि मास्तरांना धरलं. मोज्यातला कापूस ज्याला दिसला त्याला दिव्यदृष्टी असलीच पाहिजे! पुढच्या रविवारी माझ्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका त्यांच्या पायरीला कुंकू लावू लागल्या, कोणी छत्रीला हार घातला. मास्तर हात जोडून सांगत, "अहो, मी साधा मनुष्य आहे. मला काही दिसत नाही." लोक एकमेकांना कोपरानं ढोसत. "पाह्य कसा बोलून राहिला. खरा सिद्ध कधी कबूल करते काय?" मास्तर जितकं नाही म्हणत तितकी गर्दी वाढे.

ते फार कष्टी झाले. एकदा मला म्हणाले, "त्या बाबाचा हात तरी बाहेर काढता आला. हे लोक आपल्याच मनात एक बाबा करून बसले आहेत आणि त्याला माझा कोट घातला आहे. हा हात मी कसा बाहेर काढू?"

मी म्हणालो, "मास्तर, साहेब येऊन राहिले या रविवारी. ही गर्दी पाह्यली का शाळा वाचली तुमची. खोटं बोला असं मी नाई म्हनत. फक्त एक रविवार कमी बोला."

"माझ्या गप्प बसण्यानं समोरच्याचा गैरसमज तसाच राहत असेल तर ते गप्प बसणं नव्हे, दलाल. ते मापात मारणं झालं."

"आन तुमची बायको इथं हाय, तिचं काय?" मी रागानंच विचारलं. ते उठून नाल्याकडं गेले.

रविवारी साहेब आले. गल्लीच्या तोंडापर्यंत गाड्या सुटलेल्या, अंगण भरलेलं. साहेबांचा लाल चेहरा आणखी लाल झाला. "मास्तर, मी अत्यंत हर्षित झालो आहे," ते म्हणाले. मास्तर म्हणाले, "साहेब, यांच्यापैकी पुष्कळ जण चुकीच्या कारणानं आले आहेत." साहेबांना तो विनय वाटला. त्यांनी मास्तरांचा खांदा थोपटला.

उपासना झाली. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होतो, तेवढ्यात उकंडा पाटील उभा राहिला. "मास्तर, तुमचं देवापाशी वजन हाय, हे आमी डोयानं पायलं. आता साहेबाच्या समोर एक सांगून टाका. लढाईचं काय मांगता तुमी देवापाशी?"

मी खांबाआडून मान हलवून हलवून खुणा करत होतो. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. नाल्याच्या बाजूलाही एकदा पाहिलं. मग म्हणाले, "लढाई थांबावी, असं मागतो. ती सुरू झाल्यापासून रोज."

मग जी बोंब उठली ती विचारू नका. "अबे, हा तं आपल्या पोटावर पाय देऊन राहिला!" त्यांचा मास्तरांवर इतका विश्वास बसला होता की सगळ्यांना लढाई तिथल्या तिथं संपल्यासारखी वाटली. एका म्हातार्‍यानं पाय धरले. "मास्तर, एवढा हंगाम तरी दम धरा."

"घाबरू नका," मास्तर म्हणाले. "इतकी वर्षं मी मागतो आहे आणि लढाई चालूच आहे. यावरून माझं किती वजन आहे ते ओळखा."

"हे बी खरंच हाय," कोणी म्हणालं. "पन आज-उद्या देवानं आयकलं तं?" दुसर्‍यानं विचारलं. "मास्तर, मांगनं बंद करता का नाई, तेवढं सांगा."

"नाही करणार."

अंगण रिकामं झालं. राहिले साहेब, मास्तर आणि ती म्हातारी मोलकरीण. आणि मी, कारण घर माझं होतं. साहेब म्हणाले, "मास्तर, उत्तर देणे आवश्यक नव्हते."

"त्यांनी विचारलं होतं, साहेब."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं मास्तरांच्या हातात हात दिला. पण त्यालाही वर जाब द्यावा लागत असे. उन्हाळ्यात शाळा बंद करायचं ठरलं. मास्तर नगरला गेले आणि पुढं मला कधी दिसले नाहीत. त्यांच्या बायकोच्या मातीवर माझी बायको दरवर्षी दगड नीट लावून यायची. मास्तरांनी तिला तसं करा म्हणून कधी सांगितलं नव्हतं.

पण त्यांच्या निघण्याच्या आदल्या दिवसाची एक गोष्ट सांगायची राहिली.

लढाई संपली ही खबर मुंबईहून आली आणि बाजार एका दिवसात कोसळला. मास्तर ओसरीवर आपली पुस्तकं फडक्यात बांधत होते. उन्हं उतरत होती. गल्लीतून माणसांचा लोंढा आला. कोणाच्या हातात काठ्या, कोणाच्या हातात गाडीची खुंटं. पुढं उकंडा पाटील. मी दार लावायला धावलो, तर मास्तर उलट बाहेर पायरीवर येऊन उभे राहिले.

"तूच मांगतलं होतं नं?" पाटील म्हणाला. 'तुमी'चं 'तू' झालं होतं.

"मागितलं होतं. माझ्या मागण्यानं झालं का, ते देव जाणे. पण झालं याचा मला फार आनंद झाला आहे, हेही तुम्हाला सांगायला हवं."

एवढं शेवटचं वाक्य गिळलं असतं तर या माणसाचं काय बिघडलं असतं? पाटलानं काठी उगारली. "आमी मातीत गेलो, आन तुले आनंद?"

"तुमचं नुकसान झालं याचा नाही, पाटील. आता तिथं पोरं मरणार नाहीत, याचा."

"कोनाची पोरं?"

"लढणार्‍यांची. पुष्कळ तर कास्तकारांचीच. तुमच्यासारखेच कापूस पिकवणारे. कोणाची दोन गेली, कोणाची घरातली सगळीच."

पाटलाची काठी तशीच वर राहिली. तो मागं वळून बाकीच्यांकडं पाहू लागला, कोणी काही म्हणेल या आशेनं. इतकी वर्षं आम्ही उठता-बसता लढाईशिवाय दुसरं बोललो नव्हतो. लढाई म्हणजे भाव, एवढंच आम्हाला ठाऊक.

"तिथं मानसं मरत होते काय, मास्तर?" पाटलानं हळूच विचारलं.

"हो."

काठी खाली आली. पाटील मटकन पायरीवर बसला. पागोटं काढून त्यानं मांडीवर ठेवलं.

"मी बी रोज मांगत होतो, मास्तर," तो म्हणाला. "दिवा लावला का हात जोडत होतो. चालू राहू दे म्हनून. माझ्या मांगन्यानं तं नाई मेले नं ते?"

सगळी गल्ली मास्तरांच्या तोंडाकडं पाहत होती. 'नाही' एवढा एक शब्द हवा होता. पाटलाला हवा होता, काठ्या घेऊन आलेल्यांना हवा होता, मला तर सगळ्यांहून जास्त हवा होता. मास्तर खाली उतरले आणि पायरीवर पाटलाला खेटून बसले.

"नाही असं म्हणावंसं मला फार वाटतंय, पाटील," ते म्हणाले, आणि त्यांनी पाटलाचा हात हातात घेतला.